चुकीच्या जाळीसाठी टाळ्या

अक्षर वेडंवाकडं आहे, काना-मात्रा चुकतील. मी चौथीच शिकले, सांभाळून घ्यावं.

आज पेटीतून माझ्या लेकीचे, सुमनचे खिळ्यांचे बूट निघाले. चामड्याचा आणि वाळल्या मातीचा तोच वास आला. जावेकडून उसने पैसे घेऊन ते आणले होते. त्या वर्षी सुमनच्या कॉलेजच्या पोरी फुटबॉलच्या मॅची जिंकत जिंकत बुलढाण्याला फायनलपर्यंत पोचल्या. तिचे बाबा म्हणाले, "जिंकली त पुढं खेळजो, हरली त लगन."

मी पहिल्यांदाच मॅच पाहत होते. आपल्या पोरींनी डावीकडच्या जाळीत एक गोल मारला. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे मला माहीत नव्हतं. शेवटी बरोबरी असताना त्याच जाळीत चेंडू गेला आणि मी, कधी चारचौघांत न बोलणारी, उठून टाळ्या वाजवल्या.

शेजारची बाई म्हणाली, "काऊन टाळ्या पिटून राह्यली व? तुमच्यावरच गोल झाला ना!"

सुमन मैदानातून माझ्याकडेच पाहत होती. माझे हात तसेच राहिले. रडू आलं नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, तेव्हाही आलं नाही.

आज बुटांचे शेवटचे पैसे जावेला दिले. ती म्हणाली, "झालं व बाई, सारं फिटलं."

मी हो म्हणाले.