अंबादासभाऊ, बेगम आणि तीसवरचा एसी

आमच्या कंपनीचा धंदा गारवा विकण्याचा. दुबईतल्या जबल अलीची गोदामं आणि आसपासचे व्हिला, यांचे एसी बसवायचे आणि दुरुस्त करायचे. माझे यजमान रुपेश बाहेरचं बघतात, मी ऑफिस सांभाळते आणि खरं काम अंबादासभाऊ करतात. जालन्याकडचे, पंचेचाळिशीचे, एकोणीस वर्षं आमच्याकडे. नुसत्या आवाजावरून कॉम्प्रेसरचं दुखणं सांगतात. आमच्या व्हिलाच्या मागच्या अंगणात एक खोली आहे, तिथे ते राहतात.

प्रत्येकाची काहीतरी चैन असते. अंबादासभाऊंची चैन म्हणजे एसी अठरावर. दुबईत आले तेव्हा पहिला अख्खा उन्हाळा त्यांनी बारा जणांच्या खोलीत, बंद पडलेल्या एसीखाली काढला. दुरुस्तीला कुणी येईना, म्हणून स्वतःच तो उघडून बसले आणि तिथूनच या कामाला लागले. "वहिनी, तवाच ठरवलं," ते सांगतात, "काय वाट्टेल ते होऊ दे, पुन्हा उकाड्यात झोपायचं नाही." पाहुणा आला की चहाच्या आधी त्यांचा हात रिमोटकडे जातो. त्यांच्या खोलीत दहा मिनिटं बसलं की मला शिंका सुरू होतात.

या माणसाने गेल्या जुलैत खोलीवर साप आणला.

साप नूरुद्दीनचाचांचा. चाचा दाभोळचे, जबल अलीत त्यांचं मासळीचं दुकान आहे आणि तिथली कोल्ड रूम अंबादासभाऊ पंधरा वर्षं सांभाळतात. चाचांच्या मुलाने, अर्सलानने, चपलेच्या खोक्यात मावेल एवढं पिल्लू हौसेने घेतलं होतं. तो शिकायला कॅनडाला गेला, पिल्लू इथेच राहिलं आणि अडीच मीटरचं झालं. बोआ जातीची मादी, बिनविषारी, वजन बारा किलो, नाव बेगम. कागदपत्रं, चिप, सगळं रीतसर. चाची गेल्यापासून चाचांच्या घरात बोलायला ती एकटीच उरली होती. आणि आता चाचांना बायपाससाठी कोल्हापूरला जायचं होतं. बेगमला भारतात नेता येत नव्हतं आणि ठेवून घ्यायला कुणी तयार नव्हतं. अंबादासभाऊ त्या दिवशी कोल्ड रूमच्या सर्व्हिसिंगला गेले आणि "परत याल तेव्हा जशीच्या तशी हातात देईन" असा शब्द देऊन आले.

मी तर बघूनच किंचाळले. "अंबादासभाऊ, डोकं फिरलंय का तुमचं? साप?"

"नाव नका घेऊ वहिनी. जनावर म्हणा." त्यांच्या गावात सापाला साप म्हणत नाहीत. "लई गरीब आहे. आणि चाचा आपरेशनला चाललेत. त्यांच्या जिवाला घोर नको."

माझी मुलगी सान्वी काचेच्या पेटीला नाक लावून बसली होती. "मम्मा, शी इज सो प्रिटी!"

मी एकच अट घातली, उंदीर माझ्या फ्रीझरमध्ये येणार नाहीत. बेगमचं जेवण म्हणजे गोठवलेले उंदीर, आणि माझ्या फ्रीझरमध्ये खवलेल्या ओल्या नारळाचा चव असतो. त्यांनी मुकाट्याने दोनशे दिरहमचा जुना फ्रीझर आणला. "म्हंजे पावणेपाच हजार रुपये," स्वतःच मोठ्याने हिशोब केला आणि वर म्हणाले, "जाऊ द्या, पाहुणी आहे."

पाहुणी! तिथेच घोळ झाला. पाहुण्याला काय द्यायचं हे अंबादासभाऊंना एकोणीस वर्षं पक्कं ठाऊक होतं. चाचांनी पेटीबरोबर तापवायचा दिवा दिला होता आणि चालू ठेव म्हणून बजावलंही होतं. भाऊंनी एक दिवस तो लावून पाहिला. बाहेर सत्तेचाळीस डिग्री आणि बिचारीच्या डोक्यावर आणखी दिवा? त्यांना ते बघवेना. चाचा घाईत काहीतरी बोलून गेले असतील, असं म्हणून त्यांनी दिवा काढून ठेवला, पेटी एसीच्या समोर ओढली आणि एसी अठरावर केला. बेगम वेटोळं करून गप्प पडून राहिली. "बघा, कशी निवांत झाली," ते मला म्हणाले. मलाही खरं वाटलं. मला तरी कुठे काय कळत होतं!

तीन आठवडे ती निवांत राहिली. उंदराला तोंड लावलं नाही. एका दुपारी भाऊ ऑफिसमध्ये आले ते चेहरा पाडूनच. "वहिनी, जनावर वाजतंय."

"वाजतंय म्हणजे?"

"गॅस लीक असल्यावर पाइप वाजतो ना, तसं. बारीक. श्वास घेताना."

मी जाऊन कान लावला, मला काही ऐकू आलं नाही. पण या माणसाचे कान मला माहीत आहेत. तासाभरात आम्ही प्राण्यांच्या दवाखान्यात होतो. डॉक्टर नौशीन म्हणून तिथे एक तरुण बाई आहेत. त्यांनी बेगमचं तोंड उघडून पाहिलं, छातीला नळी लावली आणि विचारलं, "एसी कितने पे रखते हो?"

"अठरा, मॅडम." उत्तरात अभिमान होता.

बाईंनी हातातलं काम थांबवलं. सापाला स्वतःच्या अंगाची ऊब नसते, बाहेरून घ्यावी लागते, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. गारठ्यात ठेवून तिला न्यूमोनिया झाला होता. "दोन दिवस और लेट करते तो खलास थी," त्या म्हणाल्या. एकवीस दिवस दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन, खोली तीस डिग्रीला, रात्रंदिवस, आणि पंखाही बंद, कारण वाऱ्याचा झोत नको. एवढं करूनही वाचेल याची खात्री नव्हती. श्वास मोकळा होऊन ती स्वतःहून जेवली, तरच वाचली म्हणायचं.

करायला गेलो गणपती, झाला मारुती. गाडीत भाऊंनी स्वतःच्या हाताने एसी बंद केला. मीच म्हणाले, "चाचांना आत्ता काही सांगू नका. चार दिवसांवर ऑपरेशन आहे. बरी आहे म्हणा, जेवते म्हणा. पुढचं पुढे बघू."

"खोटं बोलून तोंड कसं दाखवू वहिनी?"

"अहो, त्यांच्या काळजाचं तरी बघा!"

तेही त्यांनी पाहिलं. आधी चाचांच्या मेहुण्याला फोन लावून, जवळ बसायला सांगून, मग चाचांशी बोलले. मी समोरच होते, फोन स्पीकरवर होता. "चाचा, चूक झाली. तुमचं ऐकलं नाही. दिवा काढला, एसी लावला. ती आजारी आहे, दवा चालू आहे. तुम्हाला दिलेला शब्द मी विसरलो नाही." मग चाचांचा आवाज आला, "अरे, तिला अठरावर ठेवलंस? म्हणजे सगळ्यात चांगलं ते दिलंस. आता तिला पाहिजे ते दे." मला रडू आलं. या जागी मी असते तर शंभर टक्के थाप मारली असती.

त्या दिवसापासून अंबादासभाऊंच्या खोलीतला गारवा गेला. स्टोअरमधला जुना कंट्रोलर काढून त्यांनी पेटीला बसवला, दिवा पुन्हा लावला, काचेच्या दोन टोकांना दोन तापमापक चिकटवले. एसी तीसवर. सवयीने बोट खाली जाऊ नये म्हणून रिमोटच्या खालच्या बटणावर काळी टेप लावली. उन्हाळ्यात इथे साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद असतं. सगळी माणसं गार जागा गाठून आडवी होतात. भाऊ गच्चीवरून उतरायचे ते थेट त्या उबट खोलीत, आणि तिथे बनियनवर बसून वहीत लिहायचे: श्वास, पाणी, हालचाल.

इंजेक्शन द्यायला दोन माणसं लागत. रुपेश दारातूनच "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत परत फिरले, म्हणून शेपटीकडचा भाग माझ्याकडे आला. पहिल्यांदा मी ओव्हनचे हातमोजे घालून गेले. भाऊंनी पुढच्या अंगात सुई टोचली, हात जराही हलला नाही. मी पाच मिनिटांत घामाने निथळले. एवढ्या वर्षांत मी या माणसाला शेकडो वेळा भर उन्हात गच्चीवर पाठवलंय, ऑफिसच्या गारव्यात बसून. त्या दिवशी लाज वाटली. तिसऱ्या इंजेक्शनला हातमोजे घरीच राहिले. बेगमची कातडी हाताला गुळगुळीत आणि कोरडी लागते, लिबलिबीत मुळीच नाही.

चाचांचं ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर रोज एकच प्रश्न, "बेगम जेवली काय रे?" आणि रोज एकच उत्तर, "आज नाही चाचा. उद्या, इन्शाल्ला." वहीतलं एकविसाव्या दिवसाचं पान उलटलं, श्वासातली शिट्टी थांबली, तरी ती जेवेना. त्यातच तो जुना फ्रीझर बंद पडला. भाऊ उंदरांचा डबा हातात धरून आमच्या दाराशी उभे राहिले. मी नारळाचा चव बाजूला सारला आणि जागा करून दिली.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत, भाऊंनी चिमट्याने छोटा उंदीर पुढे धरला आणि बेगमने तो असा ओढला की चिमटा हातातून उडाला. भाऊंनी आधी वहीत तारीख आणि वेळ लिहिली. मी फोन लावून त्यांच्यापुढे धरला, तर त्यांनी तो माझ्याकडेच परत ढकलला. शेवटी मीच सांगितलं, "चाचा, जेवली." तिकडे दाभोळला घरी परतलेले चाचा आणि इकडे जबल अलीत भाऊ, दोन पुरुष रडत होते आणि मी मधे फोन धरून उभी होते.

ऑक्टोबरात चाचा आले, वजनाने अर्धे झालेले, पण हसरे. जड उचलायची मनाई होती, म्हणून भाऊंनी बेगमला उचललं आणि तिचा पुढचा भाग चाचांच्या मांडीवर ठेवला. चाचांनी खोलीतली हवा अंगावर घेतली, टेप लावलेला रिमोट पाहिला. "इतके महिने असा राहिलास?"

"जशीच्या तशी म्हणालो होतो ना," भाऊ म्हणाले.

संध्याकाळी पेटी गेली. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर खोली तशीच उबट. पेटीच्या जागी फरशीवर लांबट डाग उरला होता. "अहो, आता तरी अठरा करा," मी म्हणाले.

"केलं होतं वहिनी, काल. पेन खुपसून टेपीखालचं बटण दाबलं." ते रिकाम्या जागेकडे बघत होते. "थंडी वाजली. परत तीसवर आणला."

टेप अजून आहे.