अक्काची दुसरी स्लाइड

अक्काच्या नावाआधी 'डॉ.' लावू नका.

सकाळपासून ग्रुपवर सगळे लावताहेत. ती पदवी तिला मिळाली नाही. का मिळाली नाही, ते सांगतो.

अक्का, माझी मोठी बहीण, आज पहाटे गेली.

नव्वदच्या दशकात ती धुळ्याला, देवपुरातल्या एका छोट्या लॅबमध्ये पीएचडी करत होती. विषय वेदना.

मॉर्फिनला पेशीवर बसायची एक जागा असते, ओपिऑइड रिसेप्टर. उंदराच्या मज्जारज्जूत ही जागा नेमकी कुठे आहे, ते अँटिबॉडी लावून शोधायचं. अँटिबॉडी चिकटेल तिथे तपकिरी रंग येतो.

रंग सुरेख आला. तिचे गाइड सर खूश.

अक्कानं आणखी एक स्लाइड केली. या वेळी अँटिबॉडीत आधीच रिसेप्टरचा तुकडा भरपूर मिसळला. म्हणजे अँटिबॉडीचे हात आधीच भरलेले. आता रंग यायला नको.

तसाच आला.

म्हणजे अँटिबॉडी भलत्याच कशाला तरी चिकटत होती.

"ही राहू दे," सर म्हणाले. "थिसिसमध्ये पहिलीच टाक."

"दोन्ही टाकीन, सर."

"मग सही दुसऱ्या कुणाची तरी घे."

रावेरला घरी आबा, आमचे वडील, वैतागले. "एक फोटू नाही दाखवला तं कोनाले समजीन व?"

"आबा, ट्रक भरताना तुम्ही केळीचे डागी घड खाली घालता का?"

"घालतो ना. सारेच घालता."

"म्हणून तो दिल्लीवाला व्यापारी तुमचा माल आधी उपसून बघतो."

आबा चप्पल घालून बाहेर गेले. जाताना म्हणाले, "हिच्याशी कोन बोलीन!"

मग जळगावात सेमिनार झाला. सरांनी पडद्यावर तपकिरी फोटो लावला. टाळ्या.

अक्का मागून उठली. "सर, दुसरी लावा."

"बस खाली. आपण नंतर बोलू."

"तुमच्याकडे नसेल. माझ्याकडे आहे."

पर्समधून स्लाइड काढून ती प्रोजेक्टरपाशी गेली. लावली. फोटो हुबेहूब तोच.

मग आयोजकांनी चहा जाहीर केला.

सही झाली नाही. अक्कानं पुन्हा विचारलंही नाही. पुढे आयुष्यभर फार्मसीच्या पोरांना शिकवलं, आणि त्यांना आधी रंग कधी येऊ नये ते विचारायची.

आजारपणात तिला मॉर्फिन सुरू होतं. परवा मी न राहवून विचारलं, "तेव्हा गप्प बसली असतीस तर?"

"तर कुणीतरी माझा फोटो खरा धरून औषध शोधत बसलं असतं. भलत्या जागी. आणि इकडे माणूस कण्हत पडलेला."

मग म्हणाली, "कीव करू नकोस. उशी वर घे."

घेतली.

ज्यांना ती हट्टी वाटली, त्यांनी आज भेटायला येऊ नये. आम्हाला वाईट वाटणार नाही.

नीघ अक्का. नमस्कार.