सह्या गोल करा!

आमच्या रोह्याच्या मामांना देवाने जन्माला घातलं ते केवळ मागण्या मांडायला. धाटावच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी उभा जन्म युनियन चालवली. निवृत्त झाल्यावर कंपनी सुटली, युनियन काही सुटली नाही. एकदा वडखळला एसटी बंद पडली, तर मेकॅनिक यायच्या आत मामांनी प्रवाशांची समिती करून अध्यक्षही निवडला होता. पेणला माझ्या लग्नात वाढपी सकाळपासून उपाशी आहेत हे कळताच त्यांनी पंगत थांबवली. आधी वाढपी जेवले, मग वऱ्हाड. माझे सासरे अजूनही मामांना चार हात लांबूनच नमस्कार करतात.

मी पेणला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी व्हिडिओ गेम बनवते. नवा गेम बाजारात यायच्या आधी कंपनीने सगळ्यांचे रविवार रद्द केले आणि सलग सहाव्या रविवारी नाही म्हणणाऱ्या सायलीला काढूनच टाकलं. सायली माझ्याच टीममधली. मी रोह्याला जाऊन मामांपुढे रडले. मामा ताडकन उभे राहिले.

"किती जण हाव तुम्ही?"

"चाळीस."

"मग रडतेस कशाला गो? अर्ज लिही. आनि सह्या गोल करा, चाकासारख्या. पयली सही कोनाची, ते सायबाला कळता नये!"

पुढच्याच रविवारी सकाळी रोह्याच्या घरी इस्त्रीचा शर्ट घालून मामा माझ्या लॅपटॉपसमोर बसले. मीटिंगला सगळे आले होते, पण पडद्यावर नुसते काळे चौकोन. मामा गरजले, "तोंडं दाखवा! लपून युनियन होत नाय!" आधी सायलीचा चेहरा उजळला. मग आणखी दोन, मग पाच, आणि बघता बघता पडदाभर माणसंच माणसं! चार वर्षं एकत्र काम करून कित्येकांना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. टाळ्या, शिट्ट्या, मामांच्या घोषणा. काय झालं म्हणून शेजारी धावत आले. आमच्या चित्रकाराने सह्यांचं असं देखणं चक्र जुळवलं, की मामी म्हणाली, "रांगोळीच गो ही!"

त्या रविवारी एकही जण कामाला बसला नाही. चौथ्या दिवशी सायली कामावर परत आली, रविवारची सुट्टीही परत मिळाली, आणि आम्ही युनियनच्या नोंदणीचा अर्ज भरला. मी मामांना फोनवर ओरडूनच सांगितलं. तेही ओरडले, "झिंदाबाद!" मग एकदम आवाज उतरला.

"पोरगी आत आली ना? नक्की?"

"आली, मामा."



"आमच्या संपानंतर तिघं भायेरच राह्यले गो," ते म्हणाले, आणि त्या तिघांची नावं त्यांनी मला सांगितली. सावकाश, एकेक, आडनावांसकट.