आक्काच्या डोळ्यांच्या उंचीची खिडकी

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, कुणी उचललेलं अजिबात खपत नाही. लहानपणी पोलिओने पाय गेले तेव्हापासून सगळं गाव तिला उचलत आलंय. एसटीत चढवायला कंडक्टर, देवळाच्या पायऱ्यांवर चुलते, आणि मतदानाच्या दिवशी तर दोन्ही पक्षांची पोरं चाकांच्या खुर्चीसकट उचलायला दारात हजर. "आज माजी मिरवनूक हाय," असं म्हणून ती हसायची. घरी आल्यावर मात्र दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

आमचं गाव खर्ड्याच्या बाजूला, जिल्ह्याच्या पार कोरड्या टोकाला. गावाला लागून राखीव माळरान आहे आणि त्यात काळविटांचे कळप आहेत. गावातल्या शेंबड्या पोरानेही ते पाहिलेत, पण आक्काने नाही. खुर्चीत बसलं की गवत तिच्या कपाळाशी येतं. शिवारात हरणं येतात ती अंधारात, हरभरा खायला. सकाळी तिला दिसतात त्या फक्त लेंड्या. "हरीन म्हंजे लेंड्याच की गं," ती म्हणायची. एकदा मात्र सहज बोलावं तसं म्हणाली, "मला कुनी न उचलता, माजी मी जाऊन बघायचंय एकदा." एवढंच. आयुष्यात तिने माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मी नगरला इमारतींचे आराखडे काढते. जिल्ह्याचं नाव बदललं तरी माझ्या तोंडी अजून नगरच बसलंय. त्या माळरानावर दिव्यांगांना चढता येईल असा निरीक्षण मनोरा हवाय, असं वनखात्याच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, तेव्हा पुढचं ऐकायच्या आत मी हो म्हणून टाकलं. भेटीत साहेब म्हणाले, "जिन्याला एक जादा रेलिंग लावा मॅडम, झालं." मला हसावं की रडावं कळेना. पाय नसलेला माणूस जादा रेलिंग धरून काय करणार? पण काम हातचं जायला नको म्हणून जीभ चावली आणि त्यांना उतार समजावून सांगितला.

तो मनोरा मी जीव ओतून काढला. खुर्ची आपल्या हातांनी ढकलत नेता येईल असा मंद उतार, वळणावळणावर दम खायला सपाट जागा. उतार मागच्या अंगाला, रस्त्याकडे, कारण समोरून माणसं चढताना दिसली की कळप बिथरतो. वर, कळप पाणी प्यायला येतो त्या पाणवठ्याच्या बाजूला भरीव भिंत, उभ्या माणसाच्या छातीइतकी. आणि त्या भिंतीत, बसलेल्या माणसासाठी, खाली दोन आडव्या खिडक्या.

त्या खिडक्यांची उंची मी पुस्तकातून घेतली नाही. आक्काला खुर्चीसकट घराच्या भिंतीशी बसवलं आणि तिच्या डोळ्यांच्या रेषेत विटेच्या तुकड्याने खूण केली. "मान ताठ ठिवू का नेहमीवानी बसू?" तिने विचारलं. नेहमीसारखी बस, म्हटलं. ती इतकी गंभीर चेहरा करून बसली होती, जणू फोटोच काढायचाय.

भिंत उभी राहीपर्यंत मी दर आठवड्याला जात होते. खिडक्या मापात होत्या, उतार मापात होता. राहिली होती फक्त रंगरंगोटी. तेवढ्यात निवडणुका जाहीर होणार अशी हवा उठली आणि आचारसंहिता लागायच्या आत उद्घाटन उरकायचं ठरलं. जे काम महिनोन्महिने रेंगाळतं ते आपल्याकडे अशा वेळी दोन दिवसांत होतं. मला बोलावणं आलं नाही, त्याचं वाईटही वाटलं नाही. हार-तुऱ्यांत मला काय रस? मी आक्काला फोन केला, "गर्दी ओसरली की आपण जाऊ."

गेलो तेव्हा थंडीचे दिवस होते. आक्काने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी मागून हात लावायला गेले तर तिने झटकला. एकेका वळणावर थांबत, धापा टाकत, तिची ती चढली. इतकी घामेजली होती, पण तोंडावर असं काही होतं की मीच मागून डोळे पुसत होते.

वर पोचलो. समोर भिंत होती, आणि माझ्या खिडकीत काळ्याभोर ग्रॅनाइटची कोनशिला बसवलेली होती. सोनेरी अक्षरांत मान्यवरांची नावं, ओळीखाली ओळ. दुसऱ्या खिडकीत नियमांची फरशी: शांतता राखा, प्राण्यांना खाऊ घालू नका. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

मी तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. तो बिचारा खुशीत होता. "मॅडम, कोनशिलेला जागा काय झ्याक सोडली हुती तुमी! फरशी अशी बसली की घासावीबी लागली न्हाई." भिंतीत आडवा चौकोन सोडलाय म्हणजे तो नावांसाठीच, दुसरं काय असणार? त्याने आजवर बांधलेल्या प्रत्येक इमारतीत तो तसाच होता. मी ओरडले, मग साहेबांना फोन केला. साहेब हळू आवाजात म्हणाले, "दगड काढायचा म्हणजे नावं काढायची, मॅडम. माझी बदली करता काय?"

आक्का नावं वाचत होती. तिच्या शेजारी दोघे तरुण उभे राहून भिंतीवरून पाहत होते. एक कुजबुजला, "आई शप्पथ, केवढा कळप!" मग त्याचं लक्ष खाली गेलं. "आज्जी, उचलू का तुम्हाला? दोन मिनिटांचं काम."

आक्काने नकारार्थी मान हलवली. "उचलूनच बघायचं तर मनोरा कशापायी बांदला?" ती कुणावर चिडली नव्हती, खरंच विचारत होती. मी तिथेच खाली बसले आणि लाज सोडून रडायला लागले. माझ्या विद्येची, माझ्या हुशारीची, सगळ्याची शिसारी आली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पोरांना म्हणाली, "उचला, बाबांनू."

त्यांनी तिला अलगद वर धरलं. मी उठून तिच्या पाठीमागे उभी राहिले, पाणवठ्यावरचे काळवीट मला स्पष्ट दिसत होते. "दिसले का, आज्जी?" पोरांनी विचारलं. "दिसले की. लई ग्वाड." पोरं खूश झाली. मलाही, खोटं का बोलू, जरा बरं वाटलं.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते. न राहवून विचारलं, "आक्का, नर किती काळाभोर होता, नाही?"

तिने लुगड्याचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "मला कुनी उचललं की मी डोळं मिटून घेती. ल्हानपनापास्नं. आज तुज्यासाटी उघडाया गेले, पन उघडलेच न्हाईत."