दिग्रसला शिकवलेली ‘याडी’

यवतमाळहून दिग्रसला निघालेली एस.टी. दारव्ह्याच्या पुढे कापसाच्या बैलगाड्यांमागे अडकली. मी मोजल्या, सत्तावीस होत्या. पाऊण तास उशीर झाला. मी अमरावतीहून मुलीला परत न्यायला निघालो होतो. मुक्याबहिऱ्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात कुसुम शिकत होती. तिने लिहिले होते, ‘मला जमत नाही. येऊन घेऊन जा.’

वर्ग जिनाच्या (सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) मागे दोन खोल्यांत भरे. शिकाऊ शिक्षक सहा, मुले सहा. प्रत्येकाला एक मूल नेमून दिलेले. मूल जितके बोलेल तितके त्या शिक्षकाला गुण. कुसुमच्या वाट्याला तांड्यावरची (बंजारा वस्तीवरची) आठ वर्षांची सोनकी आली होती. तिचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवून कुसुम आरशासमोर म्हणे, “आई.” सोनकी आरशात बघून केस नीट करी. तासाभरात हे बेचाळीस वेळा झाले.

जेवायला भाकर आणि अंबाडीची भाजी होती. कुसुमने ताटाला हात लावला नाही. शेजारी रामदास राठोड हा दुसरा शिकाऊ शिक्षक बसला होता, तोही तांड्यावरचाच. मी त्याला विचारले, “या पोरीचं अडतं कुठं?”

“तिच्या घरी ‘आई’ म्हणतेच कोण, काका? आमी ‘याडी’ म्हणतो. भावंडाइचे ओठ तिनं तसेच हालताना पाह्यले.”

कुसुम उसळली. “मग महिनाभर बोलला काहून नाहीत?”

“तुमचं लेकरू बोललं असतं, तं माहा नंबर गेला असता ना ताई.”

“धन्य आहे! आणि तुमच्या गण्याला ‘क’ नुसता तोंड दाखवून शिकवता. जीभ मागे लागते, ती त्याला दिसणार कशी? त्याचा हात तुमच्या हनुवटीखाली धरा.”

“हे तुमाले ठावं होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

मी म्हणालो, “दोघांना दोन गोष्टी ठाऊक. मुलांपर्यंत पोचल्या शून्य.” राठोड आधी हसला. मग कुसुमने भाकर मोडली.

दुपारपासून ती दोघे दोन्ही मुलांना घेऊन एकत्र बसू लागली. मी मुक्काम वाढवला. तिसऱ्या दिवशी बाजार होता, म्हणून सोनकीची आई आली. सोनकी तिच्याकडे बघून म्हणाली, “या...ई.” बाईने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. तीनदा म्हणायला लावले. मग डोळे पुसत कुसुमला म्हणाली, “मास्तरीणबाई, आवाज लई बारीक हाय. जोरात बोलाले शिकवा!”

मी एकटाच परतलो. त्या सहा जणांत कष्टाची कसूर कुणाचीच नव्हती. फक्त प्रत्येकाची विद्या स्वतःच्या मुठीत होती. शेजारी विचारतात, मुलीला का आणले नाही? मी सांगतो, तिकडे एका ‘याडी’तला ‘ड’ अजून यायचा आहे.