शंका आल्यास थांबावे

यंत्राला 'आपण' म्हणणारा माणूस पिंपरी-चिंचवडमध्ये आजवर एकच झाला आणि तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसत असे. याबद्दल कुणाशीही वाद घालायची माझी तयारी आहे, आणि मी सहसा वाद घालत नाही. आमचं ऑफिस भोसरीत, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. खाली लेथ चालतात, वर आम्ही चाकणच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. कारखान्यात नवा माणूस लागला की त्याचं खातं उघडावं लागतं. हजेरी, पगार, कँटीनचं जेवण, सगळं त्या खात्यावर. हे काम आता एआय एजंट करतो, म्हणजे संगणकातलाच एक कामकरी, जो सूचना वाचतो आणि पुढचं स्वतःच्या अकलेने उरकतो. त्या सूचना लिहिणं या गृहस्थांकडे होतं. ते मराठीत लिहीत, मी त्याचं इंग्रजी करी. 'आपण प्रथम कामगाराचे नाव नीट पाहावे' अशी त्यांची सुरुवात. इंग्रजीत हा 'आपण' कुठे बसवायचा, असं मी विचारलं तर म्हणत, "बसवा कुठंतरी, ताई. वाचणारा कोण का असंना, आपलं वाचतोय ना."

विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हा त्यांचा बाणा. तरुणपणी लातूरकडून आले, निम्मं आयुष्य खालच्यासारख्याच वर्कशॉपांत काढलं, मग कॉम्प्युटर शिकले, रहाटणीत घर केलं. पण 'इचारायला काय लागतंय' हे गावाहून आणलेलं वाक्य कधी खाली ठेवलं नाही. चहावाल्याने ग्लास पुढे केला की "चहाच ना?" संध्याकाळी शेअर रिक्षात बसण्याआधी "नाशिक फाट्यालाच ना?" रिक्षावाला म्हणे, "काका, रोज बसता की राव." यावर हे, "मी रोज बसतो. तुम्ही रोज तिकडंच जाता का, ते इचारतोय." आत बसलेली माणसं घड्याळं बघत. एकदा मात्र रिक्षावाला जरा घुटमळून म्हणाला, "आज चाकणला चाललोय, मेव्हण्याची हळद आहे." आत बसलेले सगळे निमूटपणे उतरले. त्या संध्याकाळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते बढती मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही मी पाहिलेलं नाही.

त्यांचं गाजलेलं वाक्य एका घोटाळ्यातून जन्मलं. एजंटची चाचणी चालू होती. निघोज्याच्या एका कामगाराचं खातं आधीच आहे, असं सिस्टीमने एजंटला सांगितलं. कुणाला विचारायचं सोडून त्याने त्या नावापुढे दोनचा आकडा लावला आणि नवं खातं उघडून टाकलं. कँटीनच्या यंत्राने दोन माणसं धरली आणि तो कामगार आठवडाभर दोन ताटं जेवला. त्याने तक्रार केली नाही. आम्ही सगळे हसलो. हे मात्र गंभीर झाले. जेवणाचं ठीक आहे, म्हणाले, उद्या एकाचा पगार दुसऱ्याच्या घरी जाईल. आणि त्यांनी सूचनांत लिहिलं: 'शंका आल्यास थांबावे आणि माणसाला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.'

आमचा मॅनेजर तरुण आणि चपळ. त्याला त्यातलं थांबणंही नको होतं आणि कमीपणाही. "काका, एजंट असा थांबत बसला तर शिफ्टच्या तोंडावर गेटवर रांग लागेल."

"लागू द्या. दुसऱ्याच्या नावानं आत जाण्यापरीस आपल्या नावानं भाईर उभं राहिलेलं बरं."

"बरं, ते राहू दे. पण हे कमीपणाचं कशाला? मशीनला कसला आलाय कमीपणा?"

"मशीनला नसंल. पण ते शिकलंय कुणाचं वाचून? माणसांचंच ना? माणसाला असतो."

मॅनेजरने वाक्यच काढून टाकलं. दुपारपर्यंत ते परत जागेवर होतं. पुन्हा काढलं, पुन्हा आलं. सूचनांचं काम दुसऱ्याला देईन, अशी तंबी मिळाली तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "द्या की. वाक्यासकट द्या." शेवटी मॅनेजरच कंटाळला.

उन्हाळ्यात ते गेले. आजार थोड्या दिवसांचा होता. मी भेटायला गेले तेव्हा नर्स इंजेक्शन घेऊन आली होती आणि हे कॉटवरून विचारत होते, "माझंच ना, सिस्टर?" तिने कागद पाहून हो म्हटल्यावरच त्यांनी हात पुढे केला.

सूचनांचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला, "ताई, आता तरी ते थांबण्याचं काढू या." मी मीटिंगमध्ये फारशी बोलत नाही. "नाही," म्हटलं. त्याने कारण विचारलं. कारण सूचनांतच लिहिलंय, ते वाचा, म्हटलं, आणि वही मिटली.

मागच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एक नवा मुलगा लागला. नाव आणि आडनाव, दोन्ही त्यांचीच. लातूरकडे ही नावं घरोघरी. आमच्या ऑफिसातली खातीही एजंटच उघडतो. काम त्याच्याकडे गेलं आणि थोड्या वेळाने माझ्या पडद्यावर निरोप आला: 'या नावाचे खाते आधीपासून आहे. ही तीच व्यक्ती आहे का? खात्री नसल्याने थांबलो आहे.' त्यांचं खातं बंद करा, असं कुणी कळवलंच नव्हतं. एजंट न थांबता तीच व्यक्ती समजून पुढे गेला असता, तर त्या मुलाला त्यांची हजेरी मिळाली असती, त्यांच्या उरलेल्या रजा मिळाल्या असत्या, आणि कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. मॅनेजर माझ्या खुर्चीमागे येऊन वाचत उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "तुम्हीच उत्तर द्या, ताई."

'नाही,' मी लिहिलं. 'ही व्यक्ती वेगळी आहे.' एवढं लिहायला मला बराच वेळ लागला.

मुलाचं खातं उघडलं. लगेच दुसरा निरोप आला: 'जुन्या खात्याचे काय करावे?'

त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. मॅनेजर रोज येता-जाता बघतो, पण विचारत नाही. एजंटही घाई करत नाही. थांबला आहे.