चेष्टा

सत्यस्वरूपा प्रभूला वंदन करून एका साध्या माणसाची हकिकत सांगतो. श्यामकांत करमरकर हे त्याचे नाव. जन्म कोलकात्याचा, शाळा बंगाली, सवंगडी बंगाली. मराठी तेवढी आईच्या पदराशी शिकलेली. शहरातल्या एका फौजदारी न्यायालयात तो नकलनवीस होता. मराठी बोलणारा आरोपी वर्षा-दोन वर्षांतून एखादा येई, तेव्हा दुभाषी म्हणून त्यालाच उभे करीत.

एकोणीसशे बावन्नच्या मार्चमध्ये शकुन नावाची मराठी मुलगी पिंजऱ्यात उभी राहिली. बालीगंजला एका बंगाली घरी ती कामाला होती. मालकीण लीनादेवी, त्यांचे सोन्याचे घड्याळ शकुनच्या उशीखाली सापडले होते. रडत रडत शकुन म्हणाली, "नुसती चेष्टा केली हो साहेब! घड्याळ घराबाहेर नेलं नाही."

श्यामकांतने ते इंग्रजीत उतरवले : आरोपीने केवळ प्रयत्न केला, घड्याळ घराबाहेर नेले नाही.

दंडाधिकाऱ्यांनी लेखणी टेकली. कबुली झाली! निकाल पुढच्या सोमवारी.

आदल्या रविवारी संध्याकाळी, बालीगंजलाच, नलिनीबाईंच्या दिवाणखान्यात माझे ख्रिस्तकीर्तन होते. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ चालू होता. आख्यान प्रभू येशूच्या चौकशीचे. आठ-दहा मराठी घरे जमली होती, बहुतेक हिंदू. पण त्या करुणामूर्तीची कथा ऐकताना कोण परका? मी सांगत होतो : हे मंदिर मोडा, तीन दिवसांत उभारीन, असे प्रभू बोलला तो आपल्या देहाविषयी, साक्षीदारांनी ते दगडांच्या मंदिरावर नेले. शब्द तोच, अर्थ दुसरा. आणि त्या दुसऱ्या अर्थाच्या पायावर, बाप हो, क्रूस उभा राहिला! पुढे रोमन सुभेदार पिलात न्यायासनावर आला. हा मनुष्य निर्दोष आहे हे त्याला कळत होते. तरी त्याने पाणी मागवले, हात धुतले आणि निर्दोषाला सोपवून दिले. मग शिपायांनी काट्यांचा मुकुट घातला, गुडघे टेकले, राजाधिराजाची चेष्टा केली.

आरती झाली. श्यामकांत जवळ आला. "बुवा, शिपायांनी कसली चेष्टा केली ते सांगायचं राहिलं. त्याला सोडवायची?"

भालचंद्र वकील खो खो हसले. "अहो श्यामदा, चेष्टा म्हणजे थट्टा! प्रयत्न तो बंगालीत. तुमची मराठी पार हुगळीत बुडाली!"

सगळे हसले. श्यामकांत हसला नाही. "थट्टा," तो पुटपुटला. "नुसती थट्टा केली हो साहेब..."

फराळाची पाने मांडली होती. नलिनीबाई तांब्या घेऊन आल्या. "भावजी, हात धुवा."

त्याने हात झटक्याने मागे घेतले.

शकुनचा जबाब त्याने घरी सांगितला होता, त्यामुळे त्याची पत्नी कमल सारे समजली. "हे पाहा, उद्या गप्प बसा. दुभाष्यानं आपली चूक आपणच सांगायची? अब्रू जाईल, नोकरीही जाईल. वकील बघतील काय ते."

"तिला वकील नाही, कमल. तिला मीच होतो."

तो उठला, बसला, गॅलरीत गेला, परत आला. माझ्यापुढे थांबला. "पिलाताला कळत होतं ना, बुवा?"

"कळत होतं."

"मला कळत नव्हतं. आता कळलंय." एवढे बोलून न जेवताच तो निघाला आणि सियालदहच्या आपल्या घरापर्यंत पायी गेला.

सोमवारी निकाल वाचण्यापूर्वी तो भर न्यायालयात उभा राहिला. "महाराज, चूक आरोपीची नाही, माझ्या जिभेची आहे."

दंडाधिकाऱ्यांचा आवाज चढला. "आपण मराठी ना?"

"घरी मराठी, महाराज. बाकी सगळा बंगाली."

लोक हसले. दंडाधिकारी हसले नाहीत. त्यांनी भालचंद्र वकिलांना दुभाषी म्हणून शपथ देऊन शकुनचा जबाब पुन्हा घेतला. मग लीनादेवींना विचारले, तुमच्या घरात अशी थट्टा चालते काय? लीनादेवी ओशाळल्या. "गेल्या महिन्यात मीच तिच्या चपला तांदळाच्या डब्यात लपवल्या होत्या."

शकुन सुटली, पण अकरा दिवस कोठडीत काढून. श्यामकांतची नोकरी राहिली, दुभाषीपण गेले. बाहेर पायऱ्यांवर त्याने तिच्यापुढे हात जोडले. ती म्हणाली, "दादा, अकरा दिवस ओरडत होते. एकदा तरी विचारायचं होतं, म्हणजे काय गं?"

ते वाक्य त्याच्या काळजात रुतले ते रुतलेच. भाजीवाल्यापासून सुनेपर्यंत प्रत्येकाला तो विचारू लागला, "म्हणजे काय? दुसऱ्या शब्दात सांगा." लोक टिंगल करीत, टाळत. त्याचे विचारणे थांबले नाही.

माझ्या कीर्तनात तो पुढच्या ओळीत बसे. एकदा मी त्याच चौकशीच्या प्रसंगावर आलो. तू राजा आहेस काय, असे पिलाताने पुसले आणि प्रभू म्हणाला, "तू म्हणतोस." टाळ थांबले. श्यामकांत अर्धवट उठला.

"म्हणजे काय, बुवा? हो, की नाही?"

चाळीस वर्षे मी ते वचन गात होतो. दुसरा शब्द माझ्यापाशी नव्हता.